खिडकीतला सिग्नल

"यंदा घर मी सजवणार! आणि असं सजवणार की नात आजीकडे ढुंकूनही बघणार नाही!"

सिग्नलकाकांनी ही घोषणा केली तेव्हा काकू भिंतीवर पांढऱ्या कागदाच्या चांदण्या चिकटवत होत्या. दर नाताळला त्या अशाच चांदण्या लावायच्या, टेबलावर एक पांढरी मेणबत्ती ठेवायच्या आणि दोन पावलं मागं सरकून म्हणायच्या, "किती शांत वाटतं ना!" काकांना मात्र आपण दवाखान्यात नंबर लावून बसलोय असं वाटायचं. तेहतीस नाताळ त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. पण यंदा गोष्ट वेगळी होती. यंदा नात येणार होती!

नात आठ महिन्यांची. काकांनी तिला आजवर फक्त फोनवर पाहिलेलं, तेही बऱ्याचदा अर्धं कपाळ आणि एक कान. मुलगी तिला घेऊन सासरी निघाली होती आणि वाटेत गाडी बदलायची होती. मधे तीन तास. स्टेशनचं जाणं-येणं वगळलं तर आजी-आजोबांच्या वाट्याला दोन तास उरत होते. मुलीनं आधीच बजावलं होतं, "बाबा, ती नवीन माणूस दिसलं की भोकाड पसरते. रडली तर मनाला लावून घेऊ नका हं."

काकांनी ते मनाला लावून घेतलं. दोन तासांत नात आपल्याकडे आली नाही तर पुन्हा वर्षभर कपाळ आणि कान! यावर उपाय एकच, त्यांनी ठरवलं. पोरीला रंगांनी जिंकायचं.

काका एकतीस वर्षं वाहतुकीच्या सिग्नल खात्यात दुरुस्तीचं काम करत होते. निवृत्तीच्या दिवशी इतरांना भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. काकांनी हट्टानं भंगारात निघालेला एक दोन तोंडांचा सिग्नल मागून घेतला. तो चार वर्षं काकूंच्या शिव्या खात पलंगाखाली पडून होता. काकांनी त्याला बाहेर ओढलं, पुसलं, चकचकीत केलं आणि पुढच्या खोलीच्या खिडकीत टांगलं. एक तोंड खोलीत, एक तोंड रस्त्यावर. लाल आणि हिरवा! नाताळला दुसरं काय लागतं?

एवढ्यावर ते थांबते तर काका कसले! रस्त्यावर ठेवतात तसले लाल-पांढरे शंकू त्यांच्याकडे चार होते. त्यांच्या शेंड्यांना कापसाचे गोळे चिकटवून काकांनी त्यांच्या नाताळबाबाच्या टोप्या केल्या आणि फाटकाबाहेर ओळीनं मांडल्या. स्वयंपाकघराच्या दारावर 'पुढे धोक्याचे वळण' ही पाटी लागली. ती काकूंनी काढली. काकांनी परत लावली.

"अहो, तो पिवळा दिवा तरी बंद करा, डोळ्यांवर येतो," काकू म्हणाल्या.

"अगं, पिवळ्याशिवाय सिग्नल म्हणजे मिठाशिवाय आमटी!"

"आणि हिरव्या उजेडात सगळी माणसं कावीळ झाल्यासारखी दिसतात. तो कमी करा."

घराबाहेर काकांचा शब्द चालायचा. घरात त्यांनी पिवळा काढला, लाल तीन मिनिटांवर ठेवला आणि हिरवा पाच सेकंदांवर आणला.

"आणि पडदा ओढून घ्या. रस्त्यावरचे लोक बघतायत."

"बघू देत की! सजावट काय पडद्याआड करायची असते?"

इथं वाचकांना एक सांगायला हवं. घरासमोर तीन आठवड्यांपासून पाण्याच्या नळासाठी चर खणला होता. अर्धा रस्ता बंद. उरलेल्या अर्ध्यातून एका वेळी एकाच बाजूची गाडी जाई, आणि एक कामगार निशाण हलवून आळीपाळीनं गाड्या सोडी. आज नाताळ. कामगार सुट्टीवर. आणि चर जिथं सुरू होत होता, नेमक्या तिथंच काकांचं फाटक, काकांचे शंकू आणि काकांची खिडकी!

चार वाजता काकांनी बटण दाबलं. सव्वाचारला बाहेर पहिला हॉर्न वाजला. पाच वाजता काकांनी दारातून मान बाहेर काढली, तर गाड्यांची रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलेली! पण रांग तरी कशी? एकही गाडी आडवी नाही, कुणी घुसत नाही. काकांना भरून आलं. "बघ, बघ! याला म्हणतात शिस्त!"

तेवढ्यात मुलीचा फोन आला. मागून नातीचं रडणं असं ऐकू येत होतं की काकूंनी दोन हात लांबून विचारलं, "काय झालं बाळाला?"

"बाबा, आम्ही आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर अडकलोय. सिग्नल लागलाय."

"आपल्या गल्लीत कुठला आला सिग्नल?"

"नवीन बसवलाय वाटतं. एका वेळी एकच गाडी सुटते, फार तर दोन. पंचवीस मिनिटं झाली इथं! टॅक्सीवाला म्हणतोय, तोडू का? मी म्हटलं, माझे वडील सिग्नल खात्यात होते, मी जन्मात तोडू देणार नाही."

"शाब्बास!" काका गरजले. "अजिबात तोडायचा नाही! मी बघतो कोण दीडशहाणा आहे तो!"

आता तुम्ही म्हणाल, काकांच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? दिवसभर पुसून, टांगून, कौतुक करून करून ती वस्तू त्यांच्या लेखी सिग्नल उरलीच नव्हती. ते नातीचं झुंबर होतं. शिवाय माणसाला राग आला की समोरचा डोंगरही दिसत नाही, आणि काकांना राग आला होता. त्यांच्या दारात, त्यांना न विचारता सिग्नल? आणि वेळ अशी चुकीची?

त्यांनी खात्याला फोन लावला. पलीकडे पक्कड होता. हा काकांचा जुना चेला, खिशात कायम पक्कड बाळगायचा म्हणून त्याचं नाव पक्कड पडलेलं. आता तो काकांच्याच खुर्चीत बसायचा.

"पक्कड! आमच्या गल्लीतल्या सिग्नलची वेळ कुठल्या गाढवानं लावली?"

"काका, तुमच्या गल्लीत आपला सिग्नलच नाही."

"मग काय आभाळातून पडला? माझी नात अडकलीय तिथं! आत्ताच्या आत्ता ये आणि त्या गाढवाचं नाव लिहून घे. मला लेखी पाहिजे!"

फोन आपटून काकांनी खात्याचं जुनं चमकणारं जाकीट चढवलं. ते आता पोटावर बसत नव्हतं. डोक्यावर नातीसाठी सकाळीच घातलेली नाताळबाबाची लाल टोपी तशीच होती. अशा थाटात ते फाटकाबाहेर पडले आणि रांगेतल्या पहिल्या गाडीसमोर उभे राहिले. ती पावाची गाडी होती.

"का थांबलात?"

"लाल आहे," पाववाला म्हणाला.

"कुठं आहे लाल?"

"तुमच्या मागं."

काका वळले. खिडकीत, लखलखीत, एकही ओरखडा नसलेला, त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसलेला लाल दिवा त्यांच्याकडे बघत होता.

तेवढ्यात खिडकीत हिरवा लागला! पाववाल्यानं गाडी पुढं घेतली, पण काका मधोमध पुतळ्यासारखे उभे. एक, दोन, तीन, चार, पाच. परत लाल!

"अहो साहेब!" पाववाला रडकुंडीला आला. "तीन मिनिटांनी आला होता हो तो!"

मागं बारा गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले. तेराव्यातून नात त्या सगळ्यांच्या वरताण रडत होती.

काका आत धावले. सिग्नलची पेटी नाताळच्या झाडामागं ठेवली होती. काका झाडाखाली शिरले, झाड भिंतीला घासत काकांवर पडलं आणि काकूंच्या चार पांढऱ्या चांदण्या काकांच्या टोपीला चिकटल्या.

"आता काय केलंत?" काकू ओरडल्या.

"अगं, तो... तो सिग्नल आपला आहे!"

काकूंनी त्यांच्या टोपीवरची एक चांदणी उपटली. मग शांतपणे म्हणाल्या, "मी पडदा ओढा म्हणत होते."

काकांनी पेटीतली तार बदलली. हिरवा लागला आणि हिरवाच राहिला! पावाची गाडी सुटली, तिच्यामागं दुसरी, तिसरी. जाताना एका बाईंनी काच खाली करून काकांना हात केला, "बरं झालं तुम्ही आलात हो! नाहीतर इथंच नाताळ झाला असता!" काकांनी खिडकीतून मान डोलावली. खरं बोलायची ती वेळ नव्हती.

टॅक्सी दारात थांबली आणि काकांच्या जिवात जीव आला. मुलगी आत आली, नात कडेवर. दोन तासांतला पाऊण तास काकांनीच खाल्ला होता, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. नातीनं आजीकडे पाहिलं आणि भोकाड पसरलं. मग आजोबांकडे पाहिलं: पोटावर उसवायला आलेलं जाकीट, टोपीला चांदण्या, चेहरा हिरवागार. तिनं आवाज दुप्पट केला.

काकांचा चेहरा पडला. एवढा आटापिटा केला, आणि शेवटी मी तो रडवणारा म्हातारा?

"अहो, हिरव्यात माणूस भुतासारखं दिसतं!" काकू म्हणाल्या. "करा ते लाल!"

काकांनी तार फिरवली. खोली लाल झाली. आणि नात गप्प! तिनं दिव्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, तर आजोबांच्या डोक्यावर तसलीच लाल टोपी. तिनं दोन्ही हात पुढं केले आणि टोपीवर झेप घेतली. काकांनी तिला झेललं. तिनं टोपी ओढली, मग कान ओढला, मग खिदळली. काकांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इतकं हलकं त्यांना निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

बाहेर हॉर्न वाजला. मग दुसरा.

"हिरवा करू?" काकांनी घाबरून विचारलं.

"खबरदार!" काकू आणि मुलगी एकदम म्हणाल्या. काकू उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि पडदा ओढला. बाहेरच्या गाड्या चालू लागल्या.

पुढचा तासभर घरात नुसता धुमाकूळ. धोक्याच्या वळणाची पाटी नातीनं चाटून पाहिली. शेवटी काका चार पायांवर झाले, मुलीनं नातीला त्यांच्या पाठीवर धरलं आणि खोलीभर फेऱ्या सुरू झाल्या. तिसऱ्या फेरीला दार वाजलं. काकूंनी उघडलं. दारात वही उघडून पक्कड उभा होता.

"काकू, गल्ली दोनदा पालथी घातली. सिग्नल कुठंच नाही. म्हटलं, काकांनाच विचारावं." त्यानं खोलीत पाहिलं, लाल दिव्याकडे पाहिलं, ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं आणि पेन्सिल कानामागून काढली. "काका, ते... त्या गाढवाचं नाव लिहून घ्यायचं होतं ना?"

काका जागच्या जागी थांबले. पाठीवरच्या नातीनं "चल!" म्हटल्यासारखी टाच मारली.

"नाव कशाला लिहितोस?" काकू म्हणाल्या. "समोरच आहे की, बघून घे. आणि जरा बाजूला सरक, त्याला वळायला जागा दे."

काका लाजून लाल झाले. पण त्या उजेडात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि नात जिंकून दिल्यावर त्या सिग्नलचा काकांना हा दुसरा उपयोग झाला.