बोरकरजींचा अंगठा

बोरकरजी भेटले की आधी खाली वाकत. समोरच्याच्या नडगीवर अंगठा दाबत, मनात पाचपर्यंत मोजत आणि अंगठा काढून तिथं खड्डा राहतो का ते बघत. नवख्या म्हाताऱ्यांना वाटे, काय संस्कारी माणूस! ते डोक्यावर हात ठेवून मोकळे होत. "आशीर्वाद राहू द्या जी, डाळ खाता का?" बोरकरजी खालूनच विचारत.

सक्करदऱ्याला आमच्या शेजारच्या खोलीत ते एकटेच राहत. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करत. "प्रोटीन हाये तं माणूस हाये," हे त्यांचं पालुपद. एकदा त्यांना संशय आला, कल्हईवाला कथलात शिसं मिसळतो. त्यांनी गल्ली जमवली, काचेच्या पेल्यात अंड्यातलं पांढरं ओतलं आणि प्रयोगशाळेतून आणलेलं शिशाचं पाणी वर टाकलं. पांढऱ्याच्या फुटक्या दुधासारख्या गुठळ्या झाल्या. "शिसं पोटात गेलं का आतल्या प्रोटीनचे असेच हाल होतेत!" परिणाम एवढाच झाला की गल्लीनं कल्हईवाला तोच ठेवला आणि अंडी खाणं सोडलं.

हसणाऱ्यांत मीही होतो.

ही सत्तरच्या आगेमागेची गोष्ट. आमची सुमी दोन वर्षांची होती. तिला गोवर आला. नंतर उष्ण पडेल म्हणून आम्ही दूध, डाळ सगळं बंद करून तिला दोन महिने नुसत्या तांदळाच्या पेजेवर ठेवलं. आणि काय सांगू, पोरीचे गाल वर आले, पाय गुबगुबीत झाले! नजर लागू नये म्हणून बायको रोज काजळाची तीट लावी. सुमी हसायची तेवढी थांबली होती. आम्हाला वाटलं, शहाणी झाली.

बोरकरजींनी तिच्या पावलावर अंगठा दाबून काढला. खड्डा तसाच राहिला.

"हे बाळसं नाही भाऊ, पाणी हाये. रक्तातलं प्रोटीन कमी होऊन राहिलं, म्हणून पाणी अंगात उतरून राहिलं. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

"लेकराले नजर लावता काय?" बायको ओरडली.

मीही भडकलो. "काहून पोरीच्या मागं लागले जी? तुमचा अंगठा आमच्या घरात नको."

ते गेले नाहीत. उंबऱ्यातच बसले. "माही बहीण अशीच फुगली होती, वहिनी. पोरगी भरली म्हणून माय खूश. रोज तीट लावे. काजळाची डबी मीच धरत होतो. आठ दिवसांत गेली."

बायकोनं सुमीला उचललं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती. माझी मलाच लाज वाटली. बोरकरजी सुट्टी टाकून खाटेशी बसले आणि चमच्याचमच्यानं दूध पाजत राहिले. सूज उतरली तशी सुमीची हाडं दिसू लागली. बायको रडे, ते समजावत, "आता खरी सुमी दिसून राहिली वहिनी."

ती पुन्हा हसायला लागली तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. बोरकरजी आले, वाकले, अंगठा दाबून त्यांनी पाच मोजले. खड्डा पडला नाही. तरी बराच वेळ त्यांनी ते इवलंसं पाऊल सोडलं नाही. मग डोळे पुसत बायकोला म्हणाले,

"वहिनी, काजळ आणा. आता लावा तीट. डबी मी धरतो."