यशवंतअण्णांचा कॅथोड

यशवंतअण्णा कुणाच्याही घरी जेवायला बसले की आधी ताटाला चुंबक लावतात. तो चुंबक त्यांच्या शर्टाच्या खिशात कायम असतो, पेनाच्या शेजारी. ताटाला चिकटला तर ते नुसतं "हं" म्हणतात. नाही चिकटला तर त्यांचा चेहरा उजळतो आणि वाढणाऱ्या बाईला ते विचारतात, "हे ताट कुठनं घेतलासा?" गुंजीला माझ्या मावसभावाच्या लग्नात त्यांनी भर पंगतीत हा प्रकार केला. नवरीच्या मामाला वाटलं, हा माणूस आपली भांडी हलकी ठरवतोय. मामा तावातावानं आला. अण्णा शांतपणे म्हणाले, "पावणं, रागावू नका. ताट उत्तम हाय. मला एक विकत द्याल काय?"

त्या ताटाचं त्यांना काय करायचं होतं, ते सांगण्याआधी अण्णा कोण ते सांगायला हवं. बेळगावात आमचं घर आणि त्यांचं घर यांच्यात एक कमरेएवढी भिंत आहे. मी उचगावची, लग्नानंतर इथं आले, शाळेच्या ऑफिसात काम करते. अण्णा मूळ निपाणीचे. आई तंबाखूच्या वखारीत जायची आणि घरी बसून विड्या वळायची. त्यातून तिनं दोन मुलांना वाढवलं. थोरल्या शेवंताआक्काचं लग्न निपाणीतच झालं. अण्णा शिकले, वीज खात्यात इंजिनियर झाले आणि सबस्टेशन सांभाळून निवृत्त झाले. पौर्णिमेला पांढरे कपडे घालून विहारात जातात. बाकी दिवस घरात एकटे.

"तपासून घेतलेलं बरं," हे त्यांचं आवडतं वाक्य. गॅसचा सिलिंडर आला की काट्यावर लटकवून तपासतात. बसची पाटी स्वतः वाचतात, मग कंडक्टरला विचारतात, आणि बसल्यावर शेजारच्यालाही विचारतात. लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं होतं. म्हणाले, "कडोलीची मुलगी बघितलेली. माणसं चांगली होती. मी म्हटलं, जरा विचार करून सांगतो. माझा विचार हुईपर्यंत तिचं पोरगं शाळंत जायला लागलं."

हे सांगताना ते हसले नाहीत, म्हणून मीही हसले नाही.

तर एके दिवशी शेवंताआक्का निपाणीहून आली. मी चहा घेऊन गेले, तेव्हा ती अण्णांच्या व्हरांड्यात पायरीवर बसली होती आणि मांडीवरच्या फडक्यात तिच्या आईचे पायातले तोडे होते. जाड, काळवंडलेले. आक्काच्या मुलाला मुलगी झाली होती. नातीसाठी हे तोडे मोडून वाळे करावेत म्हणून आक्का सोनाराकडं गेली होती. त्या तरण्या सोनारानं तोडा दगडावर घासला, अ‍ॅसिडचा थेंब टाकला आणि हसून सांगितलं की यात चांदी नावाला आहे, तांबंच जास्त दिसतंय.

"आई जल्मभर म्हणायची, माजे तोडे अस्सल हाईत," आक्का म्हणाली. "आन् त्यो पोरगा हसला बघ. दुकानात दोन बायका होत्या. त्याबी हसल्या."

अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना चिडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. "आईला फसवायची कुणाची छाती न्हवती," ते म्हणाले. "वरच्या कळकटाला घासून काय कळतंय? ठेव हितं. मी ह्यातली चांदी काढून देतो. शुद्ध. पोरगी चालायला लागायच्या आत तिच्या पायात वाळे असतील."

मग गच्चीवर अण्णांचा कारखाना सुरू झाला. त्यांनी मला तो असा समजावला. काचेच्या बरणीत चांदी विरघळलेलं पाणी घ्यायचं. त्यात दोन बाजूंना दोन धातू सोडायचे आणि त्यांना हलका करंट द्यायचा. एका बाजूची मळकी चांदी हळूहळू विरघळते आणि दुसऱ्या बाजूला शुद्ध होऊन जाऊन बसते. विरघळणारा तो अ‍ॅनोड. जिच्यावर चांदी बसते ती वस्तू म्हणजे कॅथोड.

"अ‍ॅनोड ठरलेला हाय," अण्णा तोड्यांच्या डबीकडं बघून म्हणाले. "प्रश्न कॅथोडचा हाय. त्यो चुकला तर सगळं वाया."

तोडे लगेच सोडणं त्यांना धोक्याचं वाटलं. आधी सराव हवा. त्यासाठी भंगारवाल्याकडून त्यांनी जुने मोठे स्विच आणले. त्यांत चांदीच्या टिकल्या असतात म्हणे. त्या टिकल्या वितळवून त्यांनी सरावाचा अ‍ॅनोड केला. त्याचा गाळ पाण्यात पडू नये म्हणून एक कापडी पिशवी लागत होती. ती मी माझ्या जुन्या पांढऱ्या परकराची शिवून दिली. अण्णांनी ती उजेडाला धरून टाके तपासले आणि तिला झोळी म्हणायला लागले.

पहिला कॅथोड तांब्याच्या तारेचा. करंट लावायच्या आधीच तारेवर चांदीची लव उगवली आणि पाणी निळं व्हायला लागलं. "हे न्हाय चालायचं," अण्णा म्हणाले. "हितं तांबंच विरघळाय लागलंय." पाठोपाठ लोखंडी पट्टी झाली. ती गंजून पाण्यात उतरली. मग टॉर्चच्या सेलमधल्या काळ्या कांड्या आल्या. त्यांच्यावर चांदी सुंदर धरली, बर्फाच्या काड्यांसारखी चमकत होती, पण खरवडायला गेलं की कांडीचा काळा चुरा सोबत यायचा. अण्णांनी तो चिमटीत घेऊन मला दाखवला. "भातात खडा असल्यावानी," ते म्हणाले.

चांदी बघायच्या नादात मी त्या पाण्याला बोट लावलं. काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसात दोन बोटं काळीकुट्ट. साबण, लिंबू, राख, कशानंही जाईना. हेडबाईंनी विचारलं, "निवडणूक होती काय कुठली?"

मग स्टीलची पाळी आली. चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही आणि असं स्टील त्या पाण्याला दाद देत नाही, हे अण्णांना कळलं आणि माझ्या स्वयंपाकघराचे दिवस भरले. एक डाव गेला. चहाच्या गाळणीची कड गेली. पोह्यांच्या डब्याचं झाकण गेलं. झाकण उत्तम ठरलं, पण त्याच्यावर कंपनीचं नाव कोरलेलं होतं आणि चांदी त्या अक्षरांत अडकून बसायची. गुंजीच्या लग्नातलं ताट याच काळातलं. शेवटी अण्णा उद्यमबागेतल्या कारखान्यांत गेले आणि दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या एका कारागिराकडून गुळगुळीत पत्र्याचा तुकडा घेऊन आले. त्यावर चांदी बसली आणि लाकडी पट्टीनं ढकलली की अलगद सुटली. मी टाळ्या वाजवल्या.

दरम्यान निपाणीहून फोन येत होते. "पोर पालथी पडली रं." "पोर बसती आता." "रांगाय लागली, उंबरा वलांडती." प्रत्येक फोनला अण्णा म्हणायचे, "कॅथोडचं जरा बघायलोय, आक्का."

पत्रा मिळाल्यावर मला वाटलं, झालं. पण अण्णांना पत्र्याची एक कड खरखरीत वाटली. ती घासून झाली तेव्हा पत्रा पातळ वाटला. मग जाड आणला. स्विचांच्या टिकल्या संपल्या, आणखी आणल्या. सरावाची चांदी एका लोणच्याच्या बरणीत साठत चालली, पांढरी शुभ्र, खडीसाखरेसारखी. तोडे मात्र डबीतच.

एका रविवारी मी भिंतीपलीकडून म्हटलं, "अण्णा, कॅथोड तर कधीच जमलाय. तोडे का सोडत नाही?"

ते कड घासत होते. हात थांबला. "तपासून घेतलेलं..." एवढं म्हणून त्यांनी पत्रा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "पाणी निळं झालं तर, बाई?"

पाणी निळं, म्हणजे तांबं. म्हणजे कुणीतरी अण्णांच्या आईला फसवलं होतं आणि ती फसवणूक पायात घालून ती जन्मभर मिरवली होती. मी धुणं वाळत घालायला गेले.

पोर धरून उभी राहायला लागली तेव्हा शेवंताआक्का फोन न करताच आली. मी शाळेतून परतत होते, तिनं मला रस्त्यातच गाठलं आणि सोबत घेऊन सरळ गच्चीवर चढली.

"तोडे दे हिकडं," ती म्हणाली. "दुसऱ्या सोनाराला घालते. तांबं तर तांबं."

"तसं न्हाय घालायचं, आक्का."

"मग घाल तुज्या त्या बरणीत! माज्यासमोर घाल. पोर चालाय लागली की वाळे काय कपाळाला बांदू?"

अण्णांनी डबी उघडली. एक तोडा घेतला, झोळीत ठेवला, झोळी बरणीवर धरली. खाली पाणी स्वच्छ होतं, समोर चकचकीत पत्रा होता. सगळं तयार होतं. अण्णांचा हात तसाच अधांतरी राहिला, आणि मग त्यांनी तोडा झोळीतून परत काढला.

"आक्का, हितं बघ."

तोडा सगळीकडून गोल होता, फक्त एका बाजूला चपटा झाला होता. नक्षी पुसून गेलेली.

"आई सूप घेऊन मांडी घालून बसायची," अण्णा म्हणाले. "विड्या वळताना ही बाजू फरशीला लागायची. दिवसभर. दोन्ही तोड्यांना हाय बघ तसं. चांदी काय, दुकानातली हाय. ही झीज तेवढी आईची हाय. ही विरघळली तर मी कुठनं परत आणू?"

आक्कानं तोडा हातात घेतला आणि त्या चपट्या जागेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय रं?" ती म्हणाली. "मला का चांदीची हाव हाय? त्यो हसला ते लागलं मला."

"मलाबी तेच लागलं."

मग आक्काचं लक्ष लोणच्याच्या बरणीकडं गेलं. "ही चांदी खरी हाय?"

"एकदम शुद्ध."

"कुणाची?"

"कुणाची म्हंजे? भंगारातली. मी काढलेली."

"मामाआज्यानं काढलेली," आक्का म्हणाली. "हिचेच कर वाळे. आन् कॅथोड म्हणून काय त्ये तुजं, त्ये आता बंद कर."

ते वाळे पुढं झाले. त्या पोरीच्या पायांत ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. तोड्यांत चांदी किती आणि तांबं किती, हे मात्र आजही कुणाला माहीत नाही.

त्या दिवशी खाली व्हरांड्यात आल्यावर आक्का खुर्चीत बसली आणि तिनं पाय पुढं केला. "घाल."

"आता?"

"आई गेल्यापास्नं कुणाच्या पायात न्हाईत ते. घाल म्हणते न्हवं."

पाय सुजरा होता, तोडा टाचेवर अडला. अण्णा आतून साबणाचं पाणी घेऊन आले, जमिनीवर बसले, आक्काचा पाय मांडीवर घेतला आणि हळूहळू टाच चोळू लागले. "दुखतंय काय?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते. "न्हाय रं," ती म्हणत होती. दोन्ही तोडे चढायला बराच वेळ लागला. चढल्यावरही अण्णा लगेच उठले नाहीत. खाली मान घालून तिची पावलं फडक्यानं पुसत राहिले.

"शेवटची बस गावंल मला," आक्का म्हणाली.

"आज ऱ्हा की."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. "ऱ्हाते," ती म्हणाली.

मी घरी आले आणि जादाची चादर-उशी भिंतीवरून दिली. रात्री भांडी घासताना शेजारून भाकरी थापल्याचा आवाज आला. त्या घरातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. अण्णांचा स्वयंपाक म्हणजे कुकरच्या तीन शिट्ट्या. मी नळ बंद केला.

"आनि एक वाढू?" आक्का विचारत होती.

"वाढ," अण्णा म्हणाले.