आठांतून आठ

शेषगिरी मास्तरांची नोकरी तीन वर्षं झाली तरी कच्चीच होती. यंदा शाळा तपासायला येणारे दिपोटी साहेब बिगरीच्या वर्गाचं गणित बघून खूश झाले, तरच मास्तर कायम होणार होते. आणि जुन्या हुबळीच्या बाजारगल्लीतली ती पोरं वजाबाकीला काही केल्या दाद देत नव्हती. चिंचोक्यांवर शिकवावं, तर पोरं चिंचोके घरी नेऊन भाजून खात.

शेवटी मास्तरांनी बायकोपुढं हात पसरला.

"आण्याची आठ नाणी दे. दुकानदारांची पोरं, पैशावर झटकन शिकतील."

"रॉकेलचे आहेत ते," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "अहो, जातील तेवढे परत आले पाहिजेत हं."

दुसऱ्या दिवशी वर्गात दुकान थाटलं गेलं. मास्तरांची टोपी हा गल्ला. गल्ल्यावर बसली भुसारवाल्या अप्पाजींची मंगला, वय वर्षं सहा. मास्तरांनी एक आणा हातात ठेवून सात टोपीत टाकले. ते टाकताना पोरांनी बेरीज अशी बिनचूक केली, की मास्तरांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

"आता यातले तीन काढून दे, मंगला."

मंगलानं टोपीवर दोन्ही हात ठेवले.

"बोहणी झाली नाही की अजून. बोहणीच्या आधी गल्ल्यातनं देत नसतात ओ मास्तर. आमचे अप्पा ओरडतात."

मास्तरांनी मुकाट्यानं आपलाच खडू तिच्याकडून हातातल्या आण्याला विकत घेतला. बोहणी झाली. मग मात्र वजाबाकी सुरळीत चालली. आठांतून तीन, आठांतून पाच, आठांतून सात. पोरं फडाफड सांगत होती. गाडी अडली ती आठांतून आठला.

"गल्ला रिकामा करत नसतात," मंगला म्हणाली. "एक तरी ठेवायचा असतोय. लक्ष्मी जाती."

"अगं, हे खोटं दुकान आहे!"

"पैसे खरे आहेत की!"

सगळा वर्ग मंगलाच्या बाजूनं. मास्तरांनी समजावलं, रागावून पाहिलं, शेवटी नाद सोडला. इतकी गणितं पडलीत, साहेब नेमकं तेच कशाला विचारतील?

साहेबांनी नेमकं तेच विचारलं.

"आठ आणे होते, आठ खर्च केले. किती राहिले?"

"एक!" वर्ग एका आवाजात म्हणाला.

साहेबांना वाटलं, पोरांना मराठी कळलं नसेल. त्यांनी तोच प्रश्न कानडीत विचारला.

"ओंदु!" कानडीतही एकच शिल्लक राहिला.

मास्तरांनी गल्ल्याची रीत अडखळत सांगितली. साहेब कडाडले.

"मास्तर, तुम्ही गणित शिकवता का पूजा? बघा, असं शिकवायचं!"

त्यांनी कोटातून बटवा काढला. त्यातले पाच आणे एकेक करून टेबलावर ठेवले.

"पाच होते. पाची काढले. आता बटव्यात किती?"

"एक!"

"छान! आता डोळ्यांनीच बघा."

साहेबांनी बटवा उलटा करून जोरात झटकला. आतल्या शिवणीतून हळदीकुंकवानं माखलेला एक आणा सुटला आणि गडगडत मंगलाच्या पायाशी आला.

साहेब त्या आण्याकडं बघतच राहिले.

"आमच्या घरच्यांचं काम," ते पुटपुटले.

मंगलानं आणा उचलून कपाळाला लावला आणि साहेबांच्या हातात दिला. "आतच ठेवा ओ साहेब. काढायचा नसतोय."

साहेबांनी तो निमूटपणे आत ठेवला, वहीत 'वजाबाकी समाधानकारक' असा शेरा मारला आणि उठले. मास्तर त्यांना पोचवायला दारापर्यंत गेले. आपण कायम झालो, यावर त्यांचा अजून विश्वास बसत नव्हता.

"साहेब," ते चाचरत म्हणाले, "आठांतून आठचं काय करू?"

साहेबांनी मागं वळून वर्ग आपलं ऐकत नाही ना, हे पाहिलं.

"उत्तर शून्यच आहे, मास्तर. त्यात शंका नाही. पण आज घरी जाऊन हे बायकोला सांगायची माझी छाती नाही. मग या पोरांना तरी कुठल्या तोंडानं सांगू? ते गणित तुम्ही पुढच्या इयत्तेच्या मास्तरांवर ढकला."