हेल्मेट घालून माळ्यावर चढणारे भोईरकाका

आमच्या समोरच्या दाराचे भोईरकाका घरातसुद्धा हेल्मेट घालतात. माळ्यावरचा डबा काढायचा असला की आधी हेल्मेट, मग स्टूल. एकदा दिवाळीचा कंदील लावायला काका हेल्मेट घालून खिडकीत चढले, तेव्हा खाली आमच्या वॉचमनने मला हळूच विचारलं, "मॅडम, अंकल का दिमाग ठीक है ना?"

दिमाग ठीक होता. बिघडलं होतं ते हृदय.

काका मूळचे राई गावचे. आयुष्य भाईंदरच्या एका स्टीलच्या कारखान्यात गेलं आणि रिटायर झाल्यावर त्यांना सायकलचं वेड लागलं. साधंसुधं नाही. लोक सकाळी दूध आणायला जातात तसे काका उत्तनच्या पुढे चौक गावापर्यंत जाऊन यायचे. रविवारी मनोर. हाटकेशमधल्या पोरांचा सायकल ग्रुप होता, त्यांना मागे टाकताना "गुड मॉर्निंग, बाळांनो" म्हणायची त्यांना भारी हौस.

मग एका सकाळी डोंगरीचा चढ चढताना छातीत काहीतरी भलतंच सुरू झालं. टोपलीत जिवंत मासे तडफडतात तसं, असं काकांनीच नंतर सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला आणि एट्रिअल फिब्रिलेशन असं निदान केलं. काकांना हे नाव फार आवडलं. सोसायटीत भेटेल त्याला ते समजावून सांगू लागले. "हृदयाचा वरचा माळा वेडा झालाय. करंट कुठूनही कुठेही पळतो. खालचं दुकान मात्र चालू हाय. मग घाबरायचं कशाला? हाय का न्हाय?"

"हाय का न्हाय" हे त्यांचं पालुपद. त्यावर कुणी "न्हाय" म्हटलेलं त्यांना चालत नसे.

रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली आणि डोक्याला मार लागू देऊ नका, असं बाईंनी बजावलं. त्याचा काकांनी लावलेला अर्थ म्हणजे ते हेल्मेट. पहिल्या मजल्यावरच्या मेहताबेन हृदयाला चांगली म्हणून अर्जुनाची साल घेऊन आल्या, तर काका म्हणाले, "भाभी, छाल रहने दो, ढोकला दे दो."

सायकल मात्र सुटणार नव्हती. काका डॉक्टरीणबाईंशी बाजारात बसल्यासारखी घासाघीस करून आले. ठरलं असं की सायकल चालवायची, पण ठोके एका मर्यादेच्या वर जाऊ द्यायचे नाहीत, पाणी भरपूर प्यायचं, झोप मोडायची नाही आणि ताल बिघडला की तिथल्या तिथे उतरायचं. ठोके मोजणारं घड्याळ मुलाने पाठवलं. ठोके वाढले की ते किंचाळायचं.

आता ते घड्याळ डोंगरीच्या चढावर हमखास किंचाळे. काका उतरून सायकल ढकलत चालायचे. हाटकेशची पोरं "गुड मॉर्निंग, अंकल" म्हणत पुढे जायची. चौक गावची एक मासेवाली रोज रिक्षातून समोरून यायची, तिने एकदा विचारलं, हवा गेली काय? काका म्हणाले, "हवा हाय, डाक्टरीण सोडत न्हाय." हा किस्सा त्यांनी मला इतक्यांदा सांगितला की मासेवालीचा चेहरा मी ओळखू शकेन.

तरी मनात एक होतंच. थंडीत दोनशे किलोमीटरची राईड असते, ती एकदा पुरी करायची. बाईंनी तपासण्या केल्या, औषध बदललं आणि अटींसकट हो म्हटलं. त्या रविवारी उजाडता उजाडता काका वरसावे पुलावरून हायवेला लागले. काकींनी त्यांना नारळाच्या वड्या दिल्या आणि दुपारपर्यंत एकाच ओट्यावरून फडकं फिरवत राहिल्या.

फोन मला आला. "मेघना, गाडी घेऊन ये. काकीला सांग, टायर फाटला."

मनोरच्या अलीकडे एका हॉटेलबाहेर काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. घड्याळ काढून खिशात टाकलेलं. ताल बिघडलाय, पण चक्कर नाही, छातीत दुखत नाही, डॉक्टरीणबाईंना फोन झालाय, थेट त्यांच्याकडेच चल, एवढं त्यांनी सांगितलं. मी सायकल गाडीच्या मागे बांधली. दोनशेपैकी बराचसा रस्ता पार झाला होता आणि हा माणूस वाद न घालता उतरला होता, याचंच मला नवल वाटत होतं. तसं मी बोलून दाखवलं.

काकांनी खिडकीची काच खाली केली. मग म्हणाले, "मरणाची भीती नाही वाटली गं. पण तिथे बसलो आणि डोक्यात एकच आलं. मी इथे पडलो तर ही येणार कशी? लग्न झाल्यापासून तिने एकटीने रस्ता ओलांडलेला नाही. माझा हात धरते आणि डोळे मिटते. मीच कधी शिकवलं नाही. मला बरं वाटायचं ना."

बाईंनी गोळी वाढवली, रात्रभर देखरेखीखाली ठेवलं आणि सकाळी ताल जागेवर आला. काकींनी परत आलेल्या सायकलची दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून पाहिली. टायर टणक होते. त्या काकांसाठी पेज ठेवायला आत गेल्या.

त्यानंतर काका चौकापर्यंतच जाऊ लागले, तेही रमतगमत. आणि संध्याकाळी दोघं मेट्रोच्या खांबांखालच्या मोठ्या रस्त्यावर दिसू लागले. काका शिकवायचे, की सिग्नलकडे नंतर बघ, आधी रिक्षावाल्याच्या तोंडाकडे बघ, आणि धावायचं अजिबात नाही. काकी दोन पावलं टाकून परत यायच्या. आठवडाभर हेच चाललं होतं.

परवा मी ऑफिसातून येत होते, तर काका फुटपाथच्या कडेला एकटेच उभे. समोर दोन कॉलेजच्या मुलींच्या मागोमाग काकी चालल्या होत्या, पिशवी छातीशी घट्ट धरून. दुभाजकापाशी थांबल्या. उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे पाहिलं. आणि पलीकडे पोचल्या.

काकांनी हात वर केला. काकींनी मागे पाहिलंच नाही. त्या सरळ भाजीवाल्याकडे गेल्या आणि मेथीच्या जुडीवरून वाद घालू लागल्या.

मी शेजारी जाऊन उभी राहिले. काकांचा हात अजून अर्धवट वरच होता.

"गेली बघ," ते हळूच म्हणाले.

आपणही जाऊया का, असं मी विचारलं. त्यांनी मान हलवली.

"नको. येऊ दे तिला एकटीला."

सिग्नल हिरवा झाला, लाल झाला, परत हिरवा झाला. आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो.