परबांची हजेरी

रविवार, १३ एप्रिल १९८६. मुलुंड पूर्व, आमची आतली खोली. आत गेलेले: १. मी. २. आमचे हे. ३. समोरच्या कुसुमताई. ४. परब. ५. तुकाराम लाड.

याद्या मी आयुष्यभर करत आले. वाण्याची, धोब्याची, रुखवताची, गणपतीत कोणाकडे जायचं राहिलं त्याची. पण एक एअरकंडिशनर चालू करायला हजेरी घ्यावी लागते, हे ज्ञान मला तळमजल्यावरच्या परबांनी दिलं. शिवाय यादी बघून ते म्हणाले, "वैनी, 'हे' म्हणजे कोण? मस्टरवर 'हे' चालत नाय. नाव लिवा."

मी खोडून 'मधुकर' लिहिलं. लग्नाला बावीस वर्षं झाली, नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय पहिल्यांदा कागदावर उतरलं ते परबांच्या हुकमावरून. कुसुमताई पदर तोंडाला लावून हसल्या.

परब म्हणजे खाकी अर्धी चड्डी, कानावर पेन्सिल आणि तोंडी एकच मंत्र: "दम खा." मिलच्या एसी प्लांटवर त्यांची उमर गेली. संपानंतर मिलच राहिली नाही, तेव्हापासून आसपासच्या फ्रिजांच्या मागे लागलेले. बंद केलेलं मशीन तीन मिनिटं तरी पुन्हा चालू करायचं नाही, हा त्यांचा नियम. ठीक आहे, मशीनला असेल. पण हा माणूस आपल्या दाराची घंटा एकदा वाजवली की दुसऱ्यांदा वाजवायलाही तीन मिनिटं थांबतो. तोवर आपण, वाजवणारा निघून गेला समजून, अर्ध्या वाटेतून परत फिरलेलो असतो.

दुसरं वेड मोजण्याचं. बिल्डिंगची सहल वसईला गेली, तर बस दर थांब्यावर अडवून माणसं मोजली. किल्ला बघायला वीस मिनिटं मिळाली. आमच्या सत्यनारायणाला जिन्यातल्या चपला मोजल्या. माणसं गेल्यावर एक जोड उरला, तर तो हातात घेऊन चारही मजले दारोदार फिरले. जोड माझाच होता. ते ऐकल्यावरही त्यांनी मला तो पायात घालून दाखवायला लावला.

अशा माणसाला मी घरात बोलावलं ते नाइलाजाने. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी, आणि डॉक्टरांनी बजावलेलं की घामाचा थेंब डोळ्यात जाता कामा नये. मुलुंडचा एप्रिल, वर गच्चीचा तापलेला स्लॅब. ह्यांच्या ऑफिसने काढून टाकलेला विंडो एसी आम्ही आणला होता, पण त्यातला गॅस गेलेला. दुकानाचा मेकॅनिक आठ दिवसांनी येणार आणि सासूबाई त्या दिवशी चार वाजता घरी येणार. मी वेळापत्रक केलं होतं: दहा ते बारा गॅस, साडेबाराला जेवण, तीनला ह्यांनी हॉस्पिटलात जायचं.

वेळापत्रकाची वाट परबांनी दहा वाजून पाच मिनिटांनी लावली. आधी सगळ्या दारंखिडक्या सताड उघडायला लावल्या. मग स्वयंपाकघरातला स्टोव्ह बंद.

"का?"

"या गॅसला आग लागली नाय तरी आगीवर त्याचं विष होतं."

मग देवघरात जाऊन चक्क निरांजन शांत केलं.

"अहो परब, देवाचं आहे ते!"

"देवाला पण जरा दम खाऊ दे, वैनी."

भाताचा कुकर तसाच राहिला. परबांनी यंत्र टेबलावर घेतलं, नळीच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधले, गळकी नळी बाहेर गॅलरीत नेऊन झाळून बुजवली. परत आणून पुन्हा फेस लावला, पंपाने आतली हवा ओढून काढली. प्रत्येक पायरीनंतर दम खाणं होतंच. अर्धं सिलिंडर भरायला अर्धं आयुष्य! एक वाजून गेला. ह्यांनी सुचवलं, "सिलिंडर गरम पाण्यात ठेवू का? पटकन भरेल."

"तुम्ही ऑफिसात फायली गरम पाण्यात ठेवता काय?" परब म्हणाले.

शेवटी काट्याकडे बघत त्यांनी थोडा थोडा गॅस सोडला, स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरला आणि मूठ कानाला लावून ऐकलं, आणि तेवढ्यात नळीचा एक सांधा फुस्स झाला. परबांनी झटकन सिलिंडर बंद करून मशीनचं बटणही बंद केलं. "सगळे बाहेर! यादी वाचा!"

जिन्यात उभं राहून मी वाचली. मी, हजर. मधुकर?

उत्तर नाही.

परबांचा चेहरा खडूसारखा झाला. तोंडावर पंचा धरून ते उलट आत धावले. मी दारातून बघते तो हा साठीचा माणूस फरशीवर उपडा पडून पलंगाखाली हात घालत होता. "खाली बसतो तो गॅस, खाली बसतो," असं काहीतरी पुटपुटत. एवढ्यात हे जिन्याने वर आले. तोंडात पान. परब बाहेर येऊन त्यांचे दोन्ही खांदे धरून उभेच राहिले.

"सांगून जा रे! जाताना सांगून जा!"

हेडक्लार्क झालेल्या आमच्या ह्यांना 'अरे' करणारं कोणी उरलं नव्हतं.

माझा पारा चढलेला. पावणेदोन वाजले होते. मी म्हटलं, "पुरे झालं परब! आणि आधी या लाडांचं नाव काढा. कुसुमताईंच्या फ्रिजच्या वेळी हेच नाव लिहवून घेतलंत. आजवर कधी उगवलेत ते?"

परब जिन्याच्या पायरीवर बसले. तीन मिनिटं तरी पंच्याची घडी घालत राहिले.

"प्लांटच्या खड्ड्यात गॅस सुटला होता. आम्ही वर आलो. साहेबाने मस्टर वाचलं, चारच्या चार हजर. दार लावून घेतलं." त्यांनी पेन्सिल कानावरून काढून पुन्हा कानावर ठेवली. "तुकाराम खालीच होता. बदलीवर, त्या दिवसापुरता घेतलेला. बदलीवाल्याचं नाव मस्टरवर नसतं. तुमच्यासारखीच यादी होती, वैनी. एकदम बरोबर."

मी स्टोव्ह पेटवू का म्हणून विचारलं. ते म्हणाले, अजून नको.

सांधा पुन्हा आवळून, पुन्हा सगळं पहिल्यापासून करून, पावणेचारला मशीन खिडकीत बसलं. आधी नुसता पंखा, मग थंडी. चार वाजून दहा मिनिटांनी सासूबाई आल्या, पट्टीखालून म्हणाल्या, "कोणी गारवा केला गं?" परबांनी त्यांचं नाव यादीत लिहवून घेतलं.

तो कागद माझ्याकडेच आहे. 'आत' आणि 'बाहेर' असे दोन रकाने. त्या आठवड्यातच मी सगळ्या खुणा पुऱ्या केल्या. पाचव्या नावापुढची 'बाहेर'ची तेवढी राहिली आहे.