आव्हीन्याँ, अवालीमार्गे

दर शुक्रवारी सकाळी सात वाजता समोरच्या फ्लॅटमधले शिरगावकर आमची बेल वाजवत आणि मला म्हणत, "ओंकार, चल, गाडीत बस."

माझं नाव ओंकार नाही. मी इथे बहरीनमध्ये, सीफ भागातल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. वय चोपन्न, आणि गुडघे माझ्याहून म्हातारे. ओंकार हा शिरगावकरांचा मुलगा. तो पुण्याला असतो. शिरगावकर सहकुटुंब फ्रान्समधून गाडीने हिंडायचा बेत करत होते. त्याची रंगीत तालीम इथेच चालायची आणि तालमीला माणसं कमी पडायची. म्हणून मी ओंकार. माझी बायको नीला, ती त्यांची मुलगी मुक्ता. पुढची सीट त्यांच्या बायकोची, मंजूवहिनींची. तिथे पाण्याच्या बाटल्यांचे दोन खोके ठेवून वर पट्टा लावलेला असे. "वजन धरायला पाहिजे ना," शिरगावकर म्हणत. वहिनींना हे कधीच कळू द्यायचं नाही, असं नीलाने मला बजावून ठेवलं होतं.

शिरगावकर मआमीरजवळच्या एका कारखान्यात शटडाऊन प्लॅनर. दोन-तीन वर्षांनी कारखाना बंद करतात, आतून साफ करतात, पुन्हा चालू करतात. त्यात कुठला बोल्ट कोणी किती वाजता सोडायचा, हे ठरवणारा माणूस. फ्रान्सलाही त्यांनी तोच न्याय लावला. अकरा दिवस, चार माणसं, एक गाडी, आणि कॉम्प्युटरवर एक अवाढव्य तक्ता. कुठे पेट्रोल, कुठे शौचालय, ते बंद असेल तर पुढचं कुठे. आपण काहीही सुचवलं की ते चष्म्यावरून बघत विचारत, "आणि तसं नाही झालं तर?"

नीला एकदा म्हणाली, "तिथे एखाद्या झाडाखाली बसून डबा खाऊ की."

"आणि झाड नाही मिळालं तर?"

ग्रनोब्ल ते आव्हीन्याँ हा टप्पा दोनशेवीस किलोमीटरचा. आमचं बेट केवढंसं! तेवढे किलोमीटर भरायला झल्लाक, सखीर, अवाली असे तीन फेरे मारावे लागत. तेच वाळवंट, तेच पाइप, तेच उंट तिसऱ्यांदा दिसले की शिरगावकर म्हणत, "आता डावीकडे द्राक्षांचे मळे." आम्ही डावीकडे बघायचो.

फ्रेंच ते फक्त संकटापुरतं शिकले होते. टायर पंक्चर झालाय, पासपोर्ट हरवलाय, मुलीला शेंगदाणे चालत नाहीत. सराव म्हणून ही वाक्यं ते खालच्या कोल्ड स्टोअरवाल्या मल्याळी दुकानदाराला म्हणून दाखवत. पंक्चरचं वाक्य ऐकून तो एकदा शांतपणे म्हणाला, "ब्रेड खलास, साब. शाम को इंशाल्ला."

"पण फ्रान्सच का हो?" मी एकदा विचारलं.

त्यांनी गाडी जरा हळू केली. मग म्हणाले, "लग्नाआधी कंपनीने तिकडे दीड महिना ट्रेनिंगला पाठवलं होतं. रविवारी काय करायचं? आन्सीच्या तळ्याकाठी जाऊन बसायचो. तिथे एक कुटुंब रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून बॉनेटवर ब्रेड कापत होतं. सगळे एकाच वेळी बोलत होते हो. कोणी कोणाचं ऐकत नव्हतं."

एवढंच. पुढे त्यांनी मला पट्टा नीट लावायला सांगितला.

मंजूवहिनी आणि मुलं सुरुवातीची काही वर्षं इथेच, उम्म अल हस्सममध्ये होती. ओंकार पहिलीत जायच्या वेळी शिक्षणासाठी पुण्याला गेली. तेव्हापासून शिरगावकर वर्षाला एक महिना बाप आणि अकरा महिने फोन. फ्रान्सचा बेत ओंकार आठवीत असताना निघाला. मग त्याची दहावी आली, मग मुक्ताचे क्लास, मग विमानंच बंद झाली, मग यांचाच शटडाऊन पुढे सरकला. दर वर्षी तक्ता नव्याने बनायचा. ते त्याला आवृत्ती म्हणायचे. मी ओंकार झालो तेव्हा दहावी चालू होती.

एका शुक्रवारी सखीरच्या रस्त्यावर शिरगावकरांनी आरशातून माझ्याकडे बघितलं आणि वेगळ्याच आवाजात विचारलं, "मग? मित्र कोण कोण आहेत तुझे?"

मला वाटलं, खरंच विचारतायत. मी सांगायला लागलो, "ऑफिसातला थॉमस, आणि तसे तुम्हीच..."

ते पुन्हा रस्त्याकडे बघू लागले. कान लाल. खाली उतरल्यावर मला तक्ता दाखवला. उजवीकडे टोकाला एक रकाना होता, तो मी कधी पाहिला नव्हता. वर लिहिलं होतं, 'बोलणे'. पहिला दिवस, चाळीस किलोमीटर: ओंकार, शाळेतले मित्र. मार्कांचा विषय नको. तिसरा दिवस: मुक्ता अजून गाते का? पाचवा दिवस, लांबचा टप्पा: मंजूला सगळ्यांसमोर थँक्यू म्हणणे.

"घरी काय होतं," ते म्हणाले, "मी खोलीत गेलो की मुलं नीट बसतात. पाहुणा आल्यासारखी. थोड्या वेळाने उठून जातात. गाडीतून कोण उठून जाणार?"

त्या दिवशी नीलाने त्यांना जेवायला ठेवून घेतलं.

अखेर यंदाच्या उन्हाळ्यात ते गेले. मुक्ता नोकरीला लागलेली, ओंकार इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. अकरा दिवसांनी एकटे परत आले, आणि संध्याकाळी आमच्याकडे चॉकलेटचा डबा घेऊन बसले.

"कशी झाली ट्रिप?" मी विचारलं.

"शेड्यूलप्रमाणे." मग चष्मा पुसत म्हणाले, "पहिल्याच दिवशी चाळीसाव्या किलोमीटरला विचारलं, शाळेतले मित्र कोण कोण. ओंकार म्हणाला, 'बाबा, आय ॲम इन कॉलेज.' सगळं अपडेट केलं हो मी. हॉटेलं, टोल, पेट्रोल पंप. तो रकाना तेवढा राहिला."

"अहो, हसण्यावारी नेलं असेल त्याने," नीला म्हणाली.

"हसलाच. मुक्ताही हसली. मग दोघांनी कानात ते घातलं, गाणी ऐकायचं. त्यानंतर मी काही विचारलं नाही."

"आणि मंजूवहिनींना थँक्यू?" मी विचारलं.

त्यांनी मान हलवली. नाही.

 मी उगाच चॉकलेटचा कागद उलगडत बसलो.

"पाचव्या दिवशी दुपारी दोघं मागे झोपली," शिरगावकर म्हणाले. "मुक्ताचं डोकं ओंकारच्या खांद्यावर. पुण्याला गेल्यापासून अशी झोपलेली ती मला फक्त फोटोत ठाऊक, मंजू पाठवायची ते. मी हायवे सोडला. गावागावातून हळू घेतली. मंजू म्हणाली, उशीर होतोय. म्हटलं, होऊ दे. दोन तास उशिरा आव्हीन्याँच्या हॉटेलसमोर गाडी उभी केली, तर ओंकारने डोळे किलकिले केले. म्हणाला, 'बाबा, आलं का?'"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मी म्हटलं, नाही रे, झोप. आणि गाडी परत रस्त्याला काढली."