ढेप कुठल्या गुऱ्हाळाची?

गूळ न चाखता गुळाचा भाव सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आमच्या शेजारचे अडते अण्णा चौगुले. ढेप पुढे आली की ते फक्त विचारत, "कुठल्या गुऱ्हाळाची?" गुऱ्हाळ कळलं की निकाल. तक्रार एवढीच, की माणसांच्या मतांनाही ते हाच कायदा लावत.

एकदा त्यांच्या वखारीत मी म्हणालो, "अण्णा, शहरात अजून बस पाहिजेत."

"बोलणं ग्वाड हाय, पर ढेप कुठल्या गुऱ्हाळाची? शाहूवाडीचं, भाताच्या मुलखातलं न्हवं का तुमी? भात खाल्ला की चालवत न्हाय, म्हणून बस पायजे." बसचा विषय तिथंच संपला.

खरं गिऱ्हाईक म्हणजे देशपांडे मास्तर. संध्याकाळी वखारीच्या बाकावर बसून बोटांवर मुद्दे मोजायचे. त्या वर्षी गल्लीत रस्ता आधी की गटार आधी, हा वाद पेटला होता.

"पहिला मुद्दा," मास्तर म्हणाले, "रस्ता करून पुन्हा उकरण्यापेक्षा गटार..."

"मास्तर, तुमचा चहा बशीत कमी आन् बाकावर जास्त. ज्याला बशी घावंना, त्यानं गल्लीला वाट दावू नये."

सगळी वखार हसली. मीही पोट धरून हसलो. मुद्दा मास्तरांचाच बरोबर होता, पण जिंकले अण्णा.

पुढच्या आठवड्यात मात्र मास्तरांनी पाचही मुद्दे बिनविरोध मांडले. अण्णा नुसते त्यांच्या कपबशीकडे बघत होते.

"आता उत्तर द्या," मास्तर खुशीत म्हणाले.

"उद्या मिरजेला चला. डोळ्याच्या डाक्टरकडं."

"हे मुद्द्याला उत्तर नाही."

"न्हायच की. पर तुमाला डाव्या अंगाचं दिसत न्हाय. मान वाकडी करून बघताय, ती ऐट न्हवं."

काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळपास गेलेला. उजवा मात्र वाचेल, वेळेवर आणलात, असं डॉक्टर म्हणाले. मास्तर एकटे. पुस्तकांशिवाय त्यांना घरात कुणी नव्हतं. ऑपरेशन झालं, तेव्हा वखारीला कुलूप लावून अण्णा आठ दिवस त्यांच्या उशाशी बसले. मला स्वतःची लाज वाटली. इतकी वर्षं मी मास्तरांचे मुद्दे मन लावून ऐकले, मास्तरांकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

महिन्याभरानं मास्तर काळा चष्मा लावून बाकावर येऊन बसले. बेतानं चहा बशीत ओतला. थेंब सांडला नाही. मग बोट वर केलं.

"पहिला मुद्दा, गटार आधी."

आम्ही अण्णांकडे बघितलं. ते टॉवेलनं तोंड पुसत होते, बराच वेळ.

"विचारा की," मास्तर म्हणाले, "ढेप कुठल्या गुऱ्हाळाची?"

"घरची हाय," अण्णा म्हणाले. "बोला तुमी."